एका स्क्रूड्रायव्हरने पीएस टूचा लेझर ‘सेट’ होत नाही

एक सल्ला सध्या पुन्हापुन्हा फॉरवर्ड होतोय. जुना प्लेस्टेशन २ (पीएस टू) हा गेम कन्सोल डिस्क वाचत नसेल तर दुरुस्तीला देऊ नका. हाताशी असेल त्या स्क्रूड्रायव्हरने उघडा, लेन्स थिनरने पुसा, लेझरला लागून असलेला छोटा पॉट (म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा रोधक) पाव फेरा फिरवा, लेन्समध्ये लाल उजेड दिसला की काम झालं. मीटर, मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा, चांगला सोल्डरिंग आयर्न ही सगळी विकणाऱ्यांची खुळं आहेत, असं शेवटी ठासून लिहिलेलं असतं.

हे वाचून मला गप्प बसवत नाही. २०१३ पासून नवा पीएस टू बनत नाही. आज एखादा लेझर जळाला तर त्याच्या जागी येणारा बहुतेकदा कुणाच्या तरी बंद मशीनमधून काढलेला असतो, नाहीतर नकली तरी असतो. म्हणून या सल्ल्यातली एकेक गोष्ट तपासून घेऊ.

पहिली, ‘कुठलाही स्क्रूड्रायव्हर चालतो’. पीएस टूच्या जाड, सुरुवातीच्या मॉडेलच्या बुडाचे स्क्रू खोल खड्ड्यात असतात, त्यांना लांब दांड्याचा लागतो. ड्राइव्हच्या झाकणाचे स्क्रू त्याहून बारीक असतात. एकाच टोकाने दोन्ही काढायला गेलं की बारीक स्क्रूचं डोकं घासून गोल होतं. जपानी यंत्रांत जेआयएस (जपानी मानक) मापाची फुली असलेले स्क्रू सर्रास सापडतात आणि त्यात नेहमीचं फिलिप्स टोक नीट न बसता घसरतं. चुंबक लावलेला स्क्रूड्रायव्हर लेन्सजवळ नेऊच नका. लेन्स हलवणाऱ्या कॉइलशेजारी जोरदार चुंबक असतात. ते पोलादी टोक ओढून घेतात आणि ते थेट लेन्सवर आपटतं.

थिनरबद्दल एवढंच सांगतो की बहुतेक पिकअपची (लेझर आणि लेन्स असलेल्या, डिस्क वाचणाऱ्या भागाची) लेन्स प्लास्टिकची असते. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, ॲसिटोन यांनी ती कायमची धुरकट होते. कापसाच्या काडीवर दोन थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि अगदी हलक्या हाताने पुसा, कारण लेन्स केसासारख्या तारांवर टांगलेली असते. हँड सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन लेन्सवर थर धरतं.

आता पॉट. खरं नुकसान इथे होतं. ‘पॉट फिरवला की लेझर ताकदवान होतो’ हे अर्धंच खरं आहे. पिकअपमध्ये लेझरचा उजेड मोजणारा एक फोटोडायोड असतो आणि त्याच्याकडून आलेल्या मापावरून सर्किट करंट कमीजास्त करतं. हा उजेड कुठल्या पातळीवर धरायचा ते पॉटवर ठरतं. ती पातळी वाढवली की उजेड देणाऱ्या लेझर डायोडला जास्त करंट मिळतो, तो जास्त तापतो आणि त्याचं आयुष्य घटतं. डिस्क आठवडाभर वाचली जाते, माणूस खूश होतो, फॉरवर्ड पुढे पाठवतो. पुढे काही महिन्यांनी तोच लेझर मेला तर ते कुणी कळवत नाही.

शिवाय पीएस टूत दोन वेगळे उजेड आहेत. सीडीसाठी सुमारे ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड आणि डीव्हीडीसाठी सुमारे ६५० नॅनोमीटरचा लाल. जाड मॉडेलांतल्या केएचएस-४००सी लेझरवर पॉटही दोन आहेत, एक सीडीचा आणि एक डीव्हीडीचा. फॉरवर्ड म्हणतो ‘तो पॉट’. कुठला? म्हणून कुठलंही हत्यार उचलण्याआधी डिस्का लावून बघा. खालून निळी असलेली पीएस टूची डिस्क सीडी असते, चंदेरी असलेली बहुतेकदा डीव्हीडी, आणि पीएस वनची काळी डिस्क सीडीच. निळी चालते आणि चंदेरी चालत नाही, तर सीडीच्या पॉटला हात लावायचं कारणच उरत नाही. दोन्ही अडतात, तर संशय आधी धुळीवर, रुळावरच्या वाळलेल्या ग्रीसवर आणि लेझरचा कल ठरवणाऱ्या पांढऱ्या दातेरी चाकावर घ्यायचा. त्या चाकालाही हात लावण्याआधी बारीक मार्करने खूण करा. मावसभावाच्या मशीनमध्ये मी ही खूण केली नव्हती. मूळ जागा पुन्हा सापडेपर्यंत माझे दोन रविवार गेले.

याच कारणासाठी मीटर लागतो, आणि तो महागडा असायची गरज नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणारा डीटी-८३० जातीचा पिवळा मल्टिमीटर पुरतो. मशीन बंद, वायर काढलेली, मीटर २००० ओहमच्या रेंजवर. दोन्ही पॉटचा रोध मोजून कागदावर लिहून ठेवा. पॉट सर्किटला जोडलेला असल्यामुळे हा आकडा दुसऱ्याच्या मशीनशी जुळवण्यात अर्थ नसतो. तो तुमचा परतीचा पत्ता आहे. सगळं तपासून झाल्यावर पॉट फिरवावाच लागला, तर प्लास्टिक किंवा सिरॅमिक टोकाचा बारीक स्क्रूड्रायव्हर वापरा, केसभर फिरवा, पुन्हा मोजा आणि डिस्क लावा. पाव फेरा या कामात फार मोठा होतो.

‘लेन्समध्ये लाल उजेड बघा’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. मशीनवर क्लास १ लेझरची जी पट्टी असते, ती सुरक्षितता झाकण बंद असतानाची आहे. उघड्या ड्राइव्हवर डोळा लावला की ती हमी संपली. सीडीचा इन्फ्रारेड तर डोळ्याला जवळपास दिसतही नाही, त्यामुळे पापणी वेळेवर मिटत नाही. आणि लाल ठिपका दिसला म्हणजे फोकस आणि ट्रॅकिंग (उजेड डिस्कच्या रेषेवर नेमका धरून ठेवणं) ठीक आहे असंही नव्हे. बघायचंच असेल तर लांबून, तिरक्या कोनातून, मोबाइलच्या कॅमेऱ्याने बघा.

राहिला पट्टा आणि आयर्न. लेझर डायोड स्थिर विजेला फार नाजूक असतो. कोकणातल्या पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा स्थिर वीज कमी साठते. विदर्भातल्या कोरड्या थंडीत स्वेटर काढतानाच चटका बसतो. मनगटाच्या पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, तो साठलेला भार हळूहळू जमिनीत सोडतो. स्थिर विजेच्या याच भीतीने अनेक नवे लेझर सोल्डरचा एक छोटा थेंब लावूनच पाठवतात. तो डायोडची टोकं एकमेकांना जोडून ठेवतो आणि केबल बसवल्यावर काढायचा असतो. दोन पिनांचा, अर्थिंग नसलेला स्वस्त आयर्न तिथे टेकवला तर गळतीचा करंट थेट डायोडपर्यंत जाऊ शकतो. तीन पिनांचा, बारीक टोकाचा, तापमान ठरवता येणारा घ्या. ज्याला हा थेंब माहीतच नाही तो नवा लेझर तसाच बसवतो. डायोड शॉर्ट असल्याने डिस्क वाचली जात नाही, आणि मग तो फॉरवर्ड उघडून नव्या लेझरचाही पॉट फिरवायला बसतो.