क्रम उलटा हवा

लहान टीमने आधी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं (कोणाकडे कोणतं काम ते सांभाळणारं) सॉफ्टवेअर घ्यावं, कोड होस्टिंगचं, म्हणजे कोड ऑनलाइन ठेवायच्या जागेचं, मागाहून बघता येईल, असं लेखात म्हटलंय. मला हे पटलं नाही.

आम्ही चौघं यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे जिनिंगवाल्यांसाठी काटापावती अन् गठाणींच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. ऐन हंगामात फोन येतो, "पावतीवर हमाली दोनदा कटून राहिली ना भाऊ!" आमचा कोड गिटहब या साइटवर असतो; हेच वाक्य जसंच्या तसं तिथल्या इश्यूमध्ये, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत टाकायचं, त्याला नंबर मिळतो. दुरुस्ती करणाऱ्याने पुल रिक्वेस्टमध्ये (माझा बदल घ्या, अशा विनंतीत) ‘फिक्सेस’ लिहून तो नंबर दिला की बदल मुख्य ब्रांचमध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये मर्ज होताच इश्यू आपोआप बंद. पुढच्या दिवाळीत कोणी विचारलं, तर कोणती ओळ कोणाच्या तक्रारीवरून बदलली ते तिथंच सापडतं. ट्रेलो या कामांचा फळा दाखवणाऱ्या ॲपच्या नुसत्या कार्डावर हे मिळत नाही, वेगळी जोडणी करावी लागते.

शिवाय आमच्याकडची लाइट! गिटहब ज्यावर चालतं त्या गिटमध्ये कमिट, म्हणजे बदलाची नोंद, आपल्याच लॅपटॉपवर होतो, रेंज आली की पुश करा, म्हणजे वर पाठवा. (इश्यू पाहायला नेट लागतंच, पण हातातलं काम अडत नाही.) पैशांचंही तसंच, २०२० पासून गिटहबवर टीमलासुद्धा खासगी रिपॉझिटरी (कोड ठेवायचे कप्पे) फुकट आहेत. जिरा हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअरही १० जणांपर्यंत फुकट आहे म्हणा, पण चौघांसाठी एवढा पसारा मांडायचा कशाला?

टीममध्ये कोड न लिहिणारे जास्त असतील तर मात्र लेखकाचं म्हणणं बरोबर. आमचा वसुली पाहणारा गडी गिटहब उघडतच नाही, त्याच्यासाठी ट्रेलोचा एक बोर्ड ठेवलाय.