मॅनेजर म्हणे!

मला कोणीतरी सांगा हॉटेलात मॅनेजर म्हणजे नक्की काय असतं, कारण मला तरी एवढंच कळलंय की ज्याला ओव्हरटाइम द्यायचा नाही त्याला ब्लेझर घालायचा आणि मॅनेजर म्हणायचं. 2017 चा दुकाने-आस्थापना कायदा आहे ना आपल्याकडे, त्यात जादा कामाला दुप्पट दर आहे, पण मॅनेजर-सुपरवायझरला तो लागूच नाही!! झालं मग, काल कॅप्टन, म्हणजे वेटरांचा म्होरक्या, होता तो आज असिस्टंट मॅनेजर, पगारात चिल्लर वाढ, आणि वीकऑफ मागितला की "तू आता मॅनेजमेंटमध्ये आहेस रे". अधिकार म्हणाल तर गेस्टला पाचशे रुपये सोडायचे तरी मालकाला विचारायचं. मालक दिवसा फोन उचलत नाही, रात्री साडेबाराला मात्र ग्रुपवर रूम 204 च्या पिवळट टॉवेलचा फोटो टाकून "who is responsible" चं मराठी करून विचारणार, जबाबदार कोण म्हणून. मीच, अजून कोण.

लोणावळ्यात आहे मी, त्यामुळे पावसाळ्यातला शनिवार म्हणजे काय ते विचारूच नका. अकराला चेकआउट असलेले लोक "पाऊस थांबला की निघतो" म्हणून एक वाजला तरी रूम सोडत नाहीत, आणि दोनचं चेकइन असलेले बारापासून लॉबीत बसलेत, ओल्या चपला, भिजलेल्या बॅगा, किरकिरणारी पोरं, घाटातल्या जॅमचा सगळा राग काउंटरवर. हाउसकीपिंगला माणसं निम्मी, बाकी स्टायपेंडवरची ट्रेनी पोरं, त्यातला एक लिनन रूममध्ये रडत बसलेला. त्याला चहा दिला आणि स्वतः बेड करायला घेतले, तर खाली बोंब, "मॅनेजर पळाला का?" त्यात सेल्सवाल्यांनी ऑनलाइन बुकिंग बंदच केलं नव्हतं, म्हणजे रूम एक आणि कन्फर्मेशन दाखवणाऱ्या फॅमिली दोन. सेल्सवाला त्या दिवशी सुट्टीवर, अर्थात.

बिलाच्या वेळेला वेगळाच तमाशा. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारापर्यंतच्या रूमला 5 टक्के जीएसटी, त्यावर गेलं की 18. मंगळवारी स्वस्त असलेली तीच रूम शनिवारी साडेसातच्या वर जाते, मग टॅक्सही उडी मारतो, आणि ते मी लुटतोय असं समजून काका माझा व्हिडिओ काढतात. काढा. रेट मी ठरवत नाही, टॅक्स मी ठरवत नाही, धुकं तर नाहीच नाही, पण "व्हॅली व्ह्यू दिसला नाही" म्हणून जुलैत एक स्टार पडतो आणि तो माझ्या इन्सेंटिव्हमधून कापला जातो.

नाइट मॅनेजर सोडून गेला, जागा भरली नाही, त्यामुळे नाइट ऑडिट, म्हणजे रात्री दिवसभराचा हिशोब जुळवणं, पण माझ्याच गळ्यात, आणि सकाळी ब्रेकफास्टला गुड मॉर्निंग सर म्हणत परत उभा. घरी गेलो तरी मोबाइल वाजला की पोटात गोळा येतो, बायको म्हणते झोपेत एक्स्ट्रा बेडचे पैसे सांगत होतास.

आता एचआरला कुठूनतरी कळलंय की डब्ल्यूएचओने 2019 मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाने पार पिळून निघण्याला, कामातल्या तणावाचा परिणाम म्हटलंय, म्हणून आमच्यासाठी प्राणायामाचं सेशन ठेवलंय. कंपल्सरी. सोमवारी सकाळी सात वाजता, वीकेंड संपल्या संपल्या. अरे श्वास घेता येतो मला, नाइटला एक माणूस द्या ना बाबांनो!