नाला, गाळ आणि विसरलेला समुद्र

पाणी तुंबलं की दरवर्षी एक संदेश ग्रुपांवर फिरतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. सार असं: प्रणाली सिद्धांत (सिस्टिम्स थिअरी, म्हणजे एखादी गोष्ट तिच्या भागांमधल्या दुव्यांतून समजून घेणारा विचार) हे मॅनेजमेंटवाल्यांचं खूळ, मासे, माणसं आणि गटारं एका दावणीला बांधता येत नाहीत, ‘सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे’ यापलीकडे त्यात काही नाही, आणि मुंबईला तो नको, नाले साफ करा, पाणी जाईल. मी हा विषय शिकवते, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिलं विधान साफ चूक आहे. लुडविग फॉन बर्टालान्फी हा जीवशास्त्रज्ञ. पेशीतून द्रव्य आणि ऊर्जा सतत वाहत असते, तरी पेशी टिकते कशी, हा त्याचा प्रश्न. १९५४ मध्ये या विचाराची संस्था उभी करायला त्याच्यासोबत एक अर्थशास्त्रज्ञ, एक गणिती आणि एक शरीरशास्त्रज्ञ होता. मॅनेजमेंटवाले पुढे आले.

दावणीचं म्हणाल तर माशांपासूनच सुरुवात करू. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली. फ्यूमे बंदरात उतरणाऱ्या मासळीत मुशी-पाकटांसारख्या शिकारी माशांचं प्रमाण १९१४ मध्ये सुमारे १२ टक्के होतं, ते १९१८ मध्ये ३६ टक्क्यांवर गेलं. जाळी कमी टाकली गेली, मग फायदा एकट्या शिकाऱ्यांचाच का? व्हिटो व्होल्टेरा या गणितज्ञाने १९२६ मध्ये समीकरणं मांडून दाखवलं की भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सरसकट मारलं, तर भक्षक घटतो आणि भक्ष्य वाढतं. मारणं कमी केलं की उलट. पुढे कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांत डीडीटी फवारलं, तेव्हा पिठ्या ढेकणासारखी कीड मरण्याऐवजी वाढली, कारण तिला खाणारे ढालकिडे मेले. मासे वेगळे, किडे वेगळे, समीकरण तेच. याला रूपक म्हणता येणार नाही.

‘सगळं जोडलेलं’ हे वाक्य पोकळ आहे, हे मला मान्य. पण सिद्धांत तिथे थांबत नाही. कोणता दुवा, किती जोराचा आणि परिणाम किती उशिराने, हे तो विचारतो.

आता मुंबई. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहरातल्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या. यातला ‘ओहोटीच्या वेळी’ हा शब्द संदेशात कुठेच नाही. नाला कितीही लखलखीत असला तरी मोठ्या भरतीत त्याचं पातमुख, म्हणजे समुद्रात उघडणारं तोंड, समुद्राच्या पातळीखाली जातं. दरवाजा नसेल तर समुद्रच आत शिरतो. दरवाजा लावला तर पाऊस आत अडकतो. मग पाणी पंपाने बाहेर फेकायचं, नाहीतर भरती उतरेपर्यंत कुठेतरी धरून ठेवायचं. दादरजवळच्या हिंदमाताच्या बशीसारख्या खोलगट भागासाठी प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या, त्या याचसाठी. आवक, साठा, जावक: औषधाचा डोस रक्तात किती वेळ टिकेल हे काढणारा डॉक्टरही हाच हिशेब मांडतो.

सिद्धांताच्या चुकाही झाल्या आहेत आणि त्या लपवू नयेत. जे फॉरेस्टर या अमेरिकी अभियंत्याने १९६९ मध्ये शहराचं संगणकी प्रारूप मांडलं, तेव्हा टीकाकारांनी विचारलं: उपनगरं कुठे आहेत? आक्षेप रास्त होता. सीमा कुठे आखली यावर उत्तर बदलतं. पण मग हाच प्रश्न संदेशालाही लागू होतो. त्यातही एक प्रारूप आहेच, फक्त सीमा नाल्याच्या काठावर आखलेली आहे.

नालेसफाई हवीच, तिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्षही हवं. पण पुढच्या वेळी हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं, तर किती टन गाळ काढला हे विचारताना त्या तासाला भरती किती मीटर होती आणि टाक्या किती भरल्या होत्या, हेही विचारा.