उड्डाणपूल आणि पार्किंगने बाजारपेठ वाचते? दावा तपासू

"अमेरिकेने शहरांच्या मधोमध द्रुतगती मार्ग आणि मोठाली पार्किंग केली, म्हणून तिथला व्यापार बहरला. आपणही उड्डाणपूल आणि पार्किंग करू. पुलाखाली बाजार तसाच राहतो, पार्किंग वाढलं की गिऱ्हाईक वाढतं," असा संदेश पुन्हापुन्हा फिरतो. तो मुळातच चुकीचा आहे.

"व्यापार बहरला." कॅमेरा-फिल्मवाल्या कोडॅक कंपनीचं अमेरिकेतलं शहर, रॉचेस्टर बघा. शहराच्या गाभ्याभोवती बराचसा खंदकातून जाणारा 'इनर लूप' हा द्रुतगती मार्ग १९६५ मध्ये पुरा झाला. घरं-दुकानं पाडली गेली आणि शेजारच्या वस्तीतलं पायी येणारं गिऱ्हाईक खंदकापलीकडे राहिलं. लोकसंख्या १९५० मध्ये ३.३२ लाख होती, २०१० मध्ये २.११ लाख. उपनगरांची ओढ, कारखान्यांची घसरण हीही कारणं होतीच. पण लूपने बाजार वाचवला नाही. २०१४ ते २०१७ मध्ये शहराने पूर्वेकडचा खंदक बुजवून साधा रस्ता केला. सुमारे ६ एकर जमीन सुटली, तिथे घरं आली.

"पुलाखाली बाजार तसाच राहतो." खाली ५.५ मीटर मोकळी उंची ठेवायची, वर तुळया आणि स्लॅब. म्हणजे पुलावरचा रस्ता ७ मीटरवर तरी जातो. १:३० चढ धरला तर प्रत्येक टोकाला २१० मीटरचा उतार. त्याचा जमिनीलगतचा भाग भरावाचा, दोन्हीकडे भिंती. तिथल्या दुकानांना समोरची बाजू तुटते आणि दारात अरुंद सेवा रस्ता उरतो. गोची उतरण्याच्या चौकातही होते. पुलावरची एक मार्गिका तासाला १,८०० गाड्या आणू शकते. सिग्नल निम्मा वेळ हिरवा असेल तर जेमतेम ९०० सुटतात. उरलेली रांग पुलावर चढते. मुंबईच्या जे. जे. उड्डाणपुलाने वरून जाणाऱ्यांची सोय केली, पण मोहम्मद अली रोडवर खरेदीला येणाऱ्याला खालूनच यावं लागतं.

"पार्किंग वाढलं की गिऱ्हाईक वाढतं." उभ्या गाडीला २.५ × ५ मीटर पुरतात, पण ये-जा आणि वळण धरून २५ ते ३० चौरस मीटर जातात. १० बाय १० फुटी गाळा ९.३ चौरस मीटरचा. एका गाडीत जवळपास तीन गाळे गेले! त्यातून दुकानदाराचीच गाडी दिवसभर तिथे उभी असेल तर गिऱ्हाइकाला उपयोग शून्य. तासावर दर लावला आणि गाडी तासाभरात हलली, तर तीच जागा दहा तासांत दहा जणांना मिळते. मालाच्या टेम्पोला सकाळची वेळ बांधून द्या.

तुमच्या भागात असा प्रस्ताव आला तर आधी वाहनमोजणीचे आकडे मागा: किती गाड्या नुसत्या आरपार जातात, किती बाजारात थांबतात, आणि पायी किती माणसं येतात.