कानामागून आलेली पुस्तकं

ऑडिओबुक कसं आहे याचा लेखकाशी फारसा संबंध नसतो, असं माझं ठाम मत झालंय. सगळा खेळ वाचणाऱ्याच्या घशाचा. परवा एक रहस्यकथा ऐकली. वाचणारे गृहस्थ आवाजाचे धनी, पण तो आवाज एवढा खर्जातला की एकजात सगळी पात्रं खुनी वाटायला लागली. दूधवाला नुसतं 'ताई, दूध' म्हणाला आणि माझ्या अंगावर काटा आला. नायिका पंचविशीची. तिच्यासाठी त्यांनी आवाज जो बारीक केला, तो थेट भोंडल्याला आलेल्या पणजीसारखा. नायक 'किती सुंदर दिसतेस' म्हणाला तेव्हा मला त्याच्या चष्म्याच्या नंबराची काळजी वाटली.

पुढच्या कादंबरीत निवेदनामागे बासरी. आई वारली, बासरी. पाऊस आला, बासरी. नायकानं बँकेतल्या नोकरीचा राजीनामा दिला, तरी बासरी. अहो, ऐकणाऱ्याला दोन ओळी आपापलं दुःखी होऊ द्याल की नाही? शिवाय 'जरा थांब'मधला 'ज' या बाईंनी 'जन्म'मधला काढला, त्यामुळे नायिका साक्षात म्हातारपणालाच थांबायला सांगतेय असं वाटलं.

आत्मविकासाचं एक पुस्तक दीडपट वेगानं ऐकलं. 'शांत व्हा, दीर्घ श्वास घ्या' असं ते सारखं सांगत होतं, पण श्वास घ्यायला वेळ ठेवत नव्हतं.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात. कणीक मळायला घेतली आणि एक गाजलेली कादंबरी लावली. सुरुवात चौथ्या आवृत्तीच्या मनोगतानं. मग तिसऱ्या आवृत्तीचं मनोगत, मग प्रस्तावना, मग ऋणनिर्देश. छापील पुस्तकात ही पानं आपण अंगठ्याखालून सरकवतो. इथं दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत आणि कानात मुद्रितं तपासून देणाऱ्यांचे आभार. शेवटी कोपरानं मोबाइल दाबला, तर गाडी थेट चौदाव्या प्रकरणात. तिथं नायकाचं तेरावं चाललेलं.

काही पुस्तकं मात्र कानांसाठीच जन्मलेली. साने गुरुजींचं १९३५ सालचं 'श्यामची आई' घ्या. त्यातला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, प्रकरणांची नावंही 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी. म्हणजे ते मुळात ऐकायचंच. मी ते कांदा चिरताना ऐकतो. विचारणाऱ्याला सांगायला कारण तयार असतं.

पुलंचं तर काय बोलावं? 'बटाट्याची चाळ' त्यांनी एकट्यानं रंगमंचावर उभी केली, अख्खी चाळ एका गळ्यात. त्यांच्या कॅसेटांवर आमची पिढी वाढली, आणि आता कुणीही वाचायला बसला की आम्ही कान टवकारून त्याच्या चुका काढतो. यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? उलट १९६७ सालच्या 'मृत्युंजय'सारखी कादंबरी एकट्यानं वाचायला घेणाऱ्याची मला दयाच येते. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण असे सहा जण त्यात आळीपाळीनं 'मी' म्हणतात. जरा लक्ष उडालं की कुंतीचा दुर्योधन होतो.

हल्ली आणखी एक पीडा. आमच्या घरात दोन मोबाइल, पण खातं एकच. मी ऑफिसात कामाला जुंपलेला असतो तेव्हा बायको घरी तेच पुस्तक ऐकते आणि संध्याकाळी मी लोकलमध्ये सुरू केलं की ते तिनं सोडलेल्या जागेवरून चालू होतं. परवा मुलुंडला चढलो तर इन्स्पेक्टरच मेलेले. कसे, कधी, काही पत्ता नाही. मी मागे जाऊन शोधत बसलो, तर तिचं पान मागे गेलं आणि तिनं फोन करून झापलं.

आता खर्जातल्या आवाजाची आणखी एक रहस्यकथा चालू आहे. खुनी कोण, मला अजून कळलेलं नाही. तिला कळलंय. तिनं ते सांगू नये म्हणून सध्या रात्रीची भांडी मी घासतो.