साडेतीन इंच एक सूत

आम्ही डॅलसजवळ रँच हाउस घेतलं ही बातमी मी आप्पांना फोनवर सांगितली, तेव्हा लाइन खराब होती. 'हाउस' वाटेत गळलं, 'रँच' तेवढी कराडला पोचली. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं की ओव्हरसियरसाहेबांच्या पोरानं अमेरिकेत रँच घेतली. मामांनी एकर किती ते विचारलं, चुलतभावाने जनावरं किती ते विचारलं, आणि एका लांबच्या आत्याने खिल्लार तिकडे मानवेल का याची चौकशी केली. शेवटी मी खरा आकडा सांगितला. पाव एकर. म्हणजे घर धरून दहा गुंठे. त्यानंतर आठवडाभर आप्पांचा फोन आला नाही.

या घराचा नि गुरांचा संबंध फक्त नावापुरता. बैठं घर, कमी उताराचं छप्पर, पुढे आलेली रुंद वळचण, घराला चिकटलेलं गॅरेज आणि दर्शनी खोलीला एक भलीमोठी काच. १९३०च्या दशकात सॅन डिएगोकडे क्लिफ मे नावाच्या माणसाने जुन्या स्पॅनिश वाड्यांवरून अशी घरं बांधायला घेतली. त्याच्याकडे वास्तुविशारदाची पदवी नव्हती. (आप्पांना हे मी सांगितलं नाही.) पुढे महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले, मोटारी वाढल्या, गावाबाहेरची जमीन परवडायला लागली आणि अमेरिकेतली घरं वर जायच्याऐवजी आडवी झोपली. कॅलिफोर्नियातल्या मूळ वाड्यांना कच्च्या मातीच्या भिंती होत्या. टेक्सासात त्यांना भाजक्या विटा लागल्या. आमचं घर १९६४चं. विटांचा रंग माझ्या मते विटकरी, बायकोच्या मते शिळ्या चहाचा.

"बाहेरून जरा मॉडर्न करून घेऊ," ती म्हणाली. 'जरा' हा शब्द मी तेव्हाच अडवायला हवा होता.

नव्या वसाहतींत राहणाऱ्या आमच्या मित्रांचं बरं असतं. तिथे घरमालकांची असोसिएशन असते, ती पाच रंगांची यादी देते, त्यातला एक घ्यायचा आणि असोसिएशनला शिव्या देत सुखाने राहायचं. आमची वस्ती जुनी. इथे कसलीच असोसिएशन नाही, म्हणजे शिव्या द्यायला फक्त घरातलीच माणसं. रंगांच्या दुकानातून बायकोने आणि लेकीने मिळून एकशे चौदा चिठ्ठ्या आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडल्या. आठवडाभर आम्ही सोफ्यावर ताटं मांडीत घेऊन जेवलो. त्यातल्या एका करड्या रंगाचं नाव 'अ‍ॅग्रीएबल ग्रे', म्हणजे सगळ्यांना मान्य होईल असा. त्यावरून आमच्याकडे तीन दिवस अबोला होता. पंधरा वर्षांच्या लेकीला अख्खं घर 'ट्रायकॉर्न ब्लॅक' हवं होतं. टेक्सासच्या उन्हात काळं घर म्हणजे तवा, हे मी तिला सांगितलं. तिने फोनवर आमच्या घराचा फोटो काढून त्याला काळं फासून दाखवलं. वाईट म्हणजे ते बरं दिसत होतं.

अशा वेळी, मे महिन्यात, आई-आप्पा सहा महिन्यांसाठी आले. आप्पांची सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. बॅगेत चिवडा, चकल्या, मेतकूट आणि लोकरीच्या मफलरीत गुंडाळलेला पितळी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीचं वजन, होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तो हातात घेऊन दोनदा फिरवला आणि हे काय म्हणून विचारलं. आप्पांनी दोरी बोटात धरून तो त्याच्यासमोर लोंबकळत सोडला. तो स्थिर होईपर्यंत मागची सगळी रांगही स्थिर झाली होती.

घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. बाहेर उभे राहून पाच मिनिटं भिंतीकडे बघितलं.

"हेडर कुठायत?"

मी आकाशाकडे बघितलं.

"अरे, वीट लांबीनं दिसली की स्ट्रेचर, डोक्यानं दिसली की हेडर. आपल्याकडं एक थर असा, एक थर तसा. तेव्हा कुठं नऊ इंची भिंत एकमेकीला धरून राहते. इथं सगळे स्ट्रेचर. हेडर नाही म्हणजे भिंत एकेरी. मग छप्पर कशावर उभं आहे?"

ते आत गेले आणि त्याच भिंतीवर आतून टकटक केलं. डबा वाजला. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी दहावीच्या गणितानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. घर लाकडाच्या सांगाड्यावर उभं आहे, वीट ही बाहेरून लावलेली एकपदरी चामडी आहे, ती घराचं ओझं उचलत नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. त्यांनी टेप काढून एका सुट्या विटेची जाडी मोजली. "साडेतीन इंच एक सूत," ते म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा मापात एवढा अपमान भरलेला मी कधी ऐकला नव्हता. "आणि एवढ्यासाठी तीस वर्षांचं कर्ज!"

पुढची पाळी खिडकीच्या शटरांची, म्हणजे दोन बाजूंच्या झडपांची. उन्हं आली म्हणून आप्पा ते ओढून घ्यायला गेले. आमची दर्शनी काच नऊ फूट रुंद आणि तिच्या दोन बाजूंना चौदा-चौदा इंचांची शटरं. ही बंद झाली तर खिडकी कशी झाकणार, हा हिशोब साठ वर्षांत कोणी केला नव्हता, कारण ती बंद व्हायची नसतातच. प्लॅस्टिकची, विटेत स्क्रूने बसवलेली. हे मी ओरडून सांगेपर्यंत शटर आप्पांच्या हातात आलं होतं. ते घेऊन ते ढाल घेतल्यासारखे अंगणात उभे राहिले. बायको मात्र खूश झाली. तिला ती काढायचीच होती, फक्त काढायला माणूस दोनशे डॉलर मागत होता. दुसरं शटर तिने आप्पांना स्वतः दाखवलं.

जूनमध्ये ऊन तापलं तसं मी घराभोवती पाझरणारी रबरी नळी पसरली. आप्पा म्हणाले, "हे काय?" मी म्हणालो, "पायाला पाणी घालतोय." आता हा माणूस डॉक्टरला फोन करणार असं मला वाटलं. पण त्यांनी वाकून मूठभर माती घेतली, चुरली, थुंकी लावून मळली आणि त्यांचा चेहराच बदलला. "आपली काळी रे ही!" आणि ते बरोबरच होतं. डॅलसच्या आजूबाजूचा पट्टा ब्लॅकलँड प्रेअरी म्हणून ओळखला जातो. दख्खनच्या काळ्या रानासारखीच ही चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढी भेगाळते, आणि वरचं घर आपलं खालीवर होत राहतं. म्हणून उन्हाळ्यात पायाशी ओल टिकवायची. गॅरेजच्या कोपऱ्यावर विटांच्या दर्जांमधून, म्हणजे सांध्यांमधून, जिन्यासारखी चढत गेलेली चीर मी इतके दिवस वेलीमागे लपवली होती. आप्पांनी तिथे ओळंबा सोडला. "दोन सूत बाहेर," ते प्रेमाने म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी या घराला घर म्हणायला सुरुवात केली.

प्रेमाचा पुढचा टप्पा दुरुस्ती. एका शनिवारी आम्ही तिघं महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीला गेलो. परत आलो तर आप्पा पायऱ्यांवर दमून बसलेले, हाताला सिमेंट, तोंडावर कर्तव्यपूर्तीचं तेज. "गवंड्यानं खालच्या थरात दर्जाच भरल्या नव्हत्या. दर दोन-अडीच फुटांवर एक भोक. एकोणीस होती. भरली सगळी."

ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात हे मला ठाऊक होतं. का ठेवलेली असतात हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी नुसताच घाबरलो. चीर बुजवायला गवंडी यायचाच होता, तो सोमवारी आला. साठीचा, मेक्सिकोकडचा, इंग्रजी माझ्या स्पॅनिशइतपत. त्याने एकोणीस बुजवलेल्या दर्जा बघितल्या, बोटाने चाचपल्या, काम सुबक झालंय अशी मान डोलावली, आणि कपाळाला हात लावला. मग विटेचा एक तुकडा घेऊन त्याने फरशीवर चित्र काढलं. आत लाकूड. मग बोटभर मोकळी फट. मग वीट. वरून पावसाच्या रेघा. वीट पाणी पिते, ते आतल्या बाजूने फटीत उतरतं, खाली येतं आणि त्या भोकांतून बाहेर पडतं. भोकं बुजली की पाणी आत, आणि लाकूड... पुढचं त्याने नाक दाबून दाखवलं.

आप्पा चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे वीट भिजणार हे आधीच धरून चाललेत," ते म्हणाले. "आपण भिजणारच नाही म्हणून बांधतो आणि मग आषाढभर बादल्या लावतो." मग त्यांनी गवंड्याच्या हातातली छिन्नी मागून घेतली. दोघांनी मिळून एकोणीसच्या एकोणीस भोकं मोकळी केली. एक मराठीत बोलत होता, एक स्पॅनिशमध्ये. मध्येच दोघं थांबून माझ्याकडे बघायचे आणि हसायचे. दुपारी आईने दोघांना पिठलं-भाकरी वाढली. जाताना आप्पांनी त्याला ओळंबा दाखवला. त्याने आपल्या पेटीतून स्वतःचा काढला. मला तर देवाणघेवाणच होते की काय असं वाटलं, पण दोघांनीही आपापला घट्ट धरला होता.

त्याच गवंड्याकडून कळलं की विटेवर सरसकट तेलकट-प्लॅस्टिक रंगाचा थर चढवला तर तिचा श्वास कोंडतो; आत गेलेला ओलावा अडकतो आणि थंडीत गोठला की विटेची तोंडं पापुद्र्यासारखी निघून येतात. शिवाय एकदा रंगवलेली वीट जन्मभर रंगवावी लागते. लेकीचा काळा रंग असा शास्त्रीय कारणाने बाद झाला, हे मला फार आवडलं. उरला तो 'लाइमवॉश'. सध्या इकडे त्याची भारी चलती आहे. वीट श्वास घेते, रंग पांढरट धुरकट, अगदी युरोपातल्या जुन्या गावासारखा. बायकोने अंदाजपत्रक मागवलं. सहा हजार दोनशे डॉलर.

"लाइमवॉश म्हणजे काय गं?" आईने विचारलं.

"चुना, आई. पाण्यात कालवून भिंतीला लावायचा."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चुना लावायचे हे लोक पैसे सांगून घेतात?"

त्यानंतर त्या रकमेची सही कोणाच्याच हातून झाली नाही.

आप्पांनी विषय आपल्या हातात घेतला. हार्डवेअरच्या दुकानातून पन्नास पौंडी चुन्याची गोणी आली, ती वीस डॉलरच्या आत. तो गॅरेजमध्ये दोन दिवस पाण्यात भिजत पडला. त्यात मूठभर मीठ, थोडा डिंक आणि आईच्या आग्रहाने निळीचे चार थेंब. कुंचा घायपाताचा मिळेना, म्हणून अंगण झाडायच्या खराट्याची दोन टोकं ठेचून केला. ऑक्टोबर उजाडून ऊन उतरेपर्यंत आप्पांनी कोणाला हात लावू दिला नाही. तापलेल्या विटेवर चुना भुकटी होऊन उडतो म्हणे. आणि आधी नमुना कुठेतरी करून बघायचा, ही खात्याची शिस्त.

इथे टेक्सासात टपालपेटीलासुद्धा विटांचा खांब बांधतात. आमच्या रस्त्याच्या कडेला तो उभा आहे, छातीएवढ्या उंचीचा चौकोनी. नमुना त्याच्यावर ठरला. आप्पांनी खांब भिजवला आणि पातळ हात मारला. काहीच दिसेना. "पाणीच आहे हे," लेक म्हणाली. बायकोचा चेहरा पडला. चुना ओला असताना दिसत नाही, वाळताना हवेशी लागून पांढरा होत जातो, हे आप्पा सांगत होते, पण आमच्या घरात आता कोणाचाच कोणावर विश्वास उरला नव्हता. दुसरा हात, तिसरा हात. रात्री सगळे रागावून झोपले.

सकाळी खांब दुधासारखा पांढरा होता. आप्पांच्या डब्यात गेरू होता, तो कुठून आला ते मी विचारलं नाही. त्यांनी खालून वीतभर पट्टा ओढला. वर सपाट जागा होती, तिथे आईने तुळशीची कुंडी ठेवून बघितली आणि मग ती काढली नाही.

आता आमच्या दारात, हमरस्त्यावर, तुळशीवृंदावन उभं आहे आणि त्याच्या पोटात विजेची बिलं येतात. कार्तिकात आईने त्याच्याशी रांगोळी काढून पणती लावली. पोस्टमन बाई मोटारीतून हात बाहेर काढून टपाल टाकते. पणती बघून तिने त्या दिवशी गाडी थांबवली, खाली उतरली आणि पत्रं दोन्ही हातांनी आत ठेवली.

घर अजून शिळ्या चहाच्याच रंगाचं आहे. आई-आप्पा नोव्हेंबरात परत गेले, गोणी अर्धी राहिली, आणि खांबाशेजारी घराला कोणता रंग शोभेल यावर बायकोने नव्या चिठ्ठ्या आणल्या आहेत. मागच्या रविवारी शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणापाशी आले. त्यांच्या बायकोला आमची टपालपेटी फार आवडली होती. तशीच हवी होती, पट्ट्यासकट. कंत्राटदार कोण, विचारत होते. मी कराडचा नंबर दिला आणि आधी स्वतःच फोन लावून आप्पांना कल्पना दिली.

"करू की," आप्पा म्हणाले. "पण त्याला विचार, विटेला हेडर आहेत का."