दोन उजव्या

परवा आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाच्या दारात माझी, आमच्याच जिल्ह्यातल्या अथणीची चप्पल काढली, जिलेबीपर्यंत जेवलो, बाहेर आलो तर जागेवर दोन चपला. दोन्ही उजव्या. एक माझी, आठ नंबरची. दुसरी कुणा भीमसेनाची, दहा नंबर, अंगठा तुटायला आलेला.

दाराशी खुर्चीत एक आजोबा सुपारी कातरत बसले होते.

"काय हुडकायलाय ओ?"

"डावी चप्पल."

"कंच्या पायातली?"

मी गप्प. आजोबांनी अडकित्त्यानेच वर दाखवलं. "बोर्ड हाय की. हितं चपला काढू नका म्हणून."

बोर्ड कन्नडात. मला कन्नड बाजारापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. पण ज्यांना येतं त्यांनीही बोर्डाखालीच ढीग घातला होता. व्यवस्थापक येऊन "मंगलकार्यात चालायचंच ओ" म्हणून गेला. त्याच्या पायात दोन्ही होत्या.

आता अब्रू झाकायला माणूस काहीतरी बोलतो. मी आजोबांना पुतण्याने अमेरिकेतून पाठवलेल्या फोटोची गोष्ट सांगायला घेतली. टेक्सासच्या वाळवंटात, व्हॅलेंटाईन नावाच्या खेड्याबाहेर, हायवेच्या कडेला एक दुकान आहे, 'प्राडा मार्फा'. एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट या दोघा कलाकारांनी 2005 साली बांधलं. काचेआड प्राडा या इटालियन ब्रँडच्या खऱ्या महागड्या बॅगा, खरे बूट. दार मात्र उघडतच नाही.

"शटर जाम झालंय?"

"नाही, मुद्दाम. ती कला आहे."

"मालक आत कुठनं जातोय मग?"

"मालक आत जातच नाही."

"गिऱ्हाईक?"

"तेही नाही."

"आमच्या थोरल्याचं दुकान असंच चालतंय," आजोबा म्हणाले. "पुढं?"

"पुढे तीनच दिवसांत चोरी झाली. सहा बॅगा आणि चौदा बूट गेले. सगळे उजव्या पायाचे."

अडकित्ता थांबला. "आनि डावे?"

"ठेवलेच नव्हते."

आजोबा बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमची डावी नेलेला तिकडंच गेला असंल. जोड लावायला."

दोन वऱ्हाडी हसले. मी नेटाने सांगत राहिलो. चोरीनंतर नवा माल भरला तेव्हा बॅगांचे तळ काढून टाकले आणि आत अलार्मची यंत्रणा बसवली.

"तुमी बी चपलेचा तळ काढून ठेवायचा हुता."

"मग 2013 मध्ये तिथल्या रस्ते खात्याने ते दुकान म्हणजे बेकायदा जाहिरात असं ठरवलं."

"आपल्या कर्नाटकातल्या नियमापरमानं बोर्डावर साठ टक्के कन्नड नसंल."

शेवटी 2014 साली म्युझियम ठरवून ते वाचवलं, हे सांगायचं राहूनच गेलं. आजोबांना आत पान लावायला बोलावलं होतं.

राग कशाचा आला ते बसस्टँडपर्यंत दहा नंबर फरपटत नेताना कळलं. तिकडे बूट चोरीला गेला तर जगभर बातमी होते. इकडे अथणीचा माणूस कातडं कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंत राबतो आणि त्याची चप्पल गेली तर 'चालायचंच'. त्याच प्राडाने जून 2025 मध्ये मिलानला असल्याच चपला मिरवल्या. आधी आपल्याकडचं नावसुद्धा घेतलं नाही, ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीचं ऋण कबूल केलं. तरी अथणीला काय? आम्ही शिवतो आणि म्हणायचं कोल्हापुरी. 2019 च्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि बेळगाव धरून कर्नाटकाचे चार, एकाच नावाखाली गुण्यागोविंदाने बसलेत. म्हणजे चपलांचा सीमाप्रश्न सुटला. माणसांचा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. माझी डावी त्याआधी मिळावी एवढीच अपेक्षा.

बायको म्हणते, दोन्ही टाकून द्या. का म्हणून? हिशेब साधा आहे: माझ्याकडे दोन उजव्या, म्हणजे कुणीतरी दोन डाव्या घालून फिरतंय. बेळगाव केवढं ते! हल्ली मी माणसांची तोंडं बघतच नाही. काल खडेबाजारात एक गृहस्थ पाय आत वळवून, लंगडत चाललेले दिसले. चण भरभक्कम, पाऊल सहज दहा नंबरचं. किर्लोस्कर रोडपर्यंत मागे मागे गेलो.

बूट निघाले.